बाळंतपणाची जागा : सरकारी रुग्णालय की खासगी?

बाळंतपण घरी करायचे की दवाखान्यात, हा एके काळचा मोठा प्रश्न आता बहुतांशी मागे पडला असून कोणत्या दवाखान्यात, हा प्रश्न त्याच्या जागी आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत देशातील ३८.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात झाल्याचे आढळले होते; २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले आणि महाराष्ट्रात तर ते ९४.७ टक्के इतके होते. सरकारी दवाखाना ही केवळ नाइलाजाची जागा आहे, असा समज शहरी मध्यमवर्गात रूढ असला तरी याच पाचव्या फेरीनुसार देशातील एकूण बाळंतपणांपैकी ६१.९ टक्के सरकारी संस्थांमध्येच झाली होती. तरीही घरात निर्णय घेताना चर्चा होते ती प्रामुख्याने खर्चाची, स्वच्छतेची आणि शेजारणीच्या अनुभवाची; आई आणि बाळ यांच्या जिवाशी ज्या गोष्टींचा थेट संबंध आहे, त्यांची चौकशी क्वचितच केली जाते.

मुळात 'सरकारी' आणि 'खासगी' हे दोन्ही शब्द फार ढोबळ आहेत. सरकारी व्यवस्थेत साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र (आदिवासी व डोंगराळ भागांत अनुक्रमे ३,००० आणि २०,०००), त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशी उतरंड आहे, आणि शहरांत महापालिकांची प्रसूतिगृहे व रुग्णालये तिच्या जोडीला आहेत. खासगी क्षेत्रात एकाच डॉक्टरने चालवलेल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमपासून धर्मादाय संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत आणि व्यापारी तत्त्वावरील पंचतारांकित रुग्णालयांपर्यंत सर्व प्रकार येतात. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय १९२६ पासून एका विश्वस्त संस्थेमार्फत चालते आणि त्याला सरकार व महापालिका यांचे अनुदान मिळते. अशा संस्थेला कोणत्या रकान्यात टाकावे, हेच सांगणे कठीण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ससून रुग्णालय यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे ससून आणि एखादे मोठे खासगी रुग्णालय यांच्यात नाही, हे लक्षात घेतले तर मालकी कोणाची या प्रश्नाचे महत्त्व आपोआप कमी होते.

बाळंतपण ही नैसर्गिक क्रिया आहे आणि बहुसंख्य निरोगी स्त्रियांमध्ये ती फारशा वैद्यकीय हस्तक्षेपाविना पार पडते, हे विधान खरे असले तरी ते अपुरे आहे, कारण ज्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत गुंतागुंत निर्माण होते त्या सर्व आधीपासून ओळखता येत नाहीत. प्रसूतिपश्चात रक्तस्राव हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. बाळ बाहेर आल्यानंतर वार सुटते, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणारा अवयव गर्भाशयाच्या भिंतीपासून वेगळा होतो, आणि गर्भाशय घट्ट आकुंचन पावून तेथील उघड्या रक्तवाहिन्या मिटवते. हे आकुंचन नीट झाले नाही तर नऊ महिने कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीचेही पाहता पाहता धोकादायक प्रमाणात रक्त जाऊ शकते. सर्वसाधारणपणे ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेल्यास त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात आणि जगभरातील मातामृत्यूंच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक अग्रभागी लागतो. तो टाळण्यासाठी बाळ जन्मताच मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे, आणि ते साध्या आरोग्य केंद्रातही देता येते. परंतु त्यानेही रक्त थांबले नाही तर रक्ताची पिशवी, शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ यांची गरज काही मिनिटांत भासते. गर्भावस्थेत रक्तदाब वाढून येणारे झटके किंवा कळा चालू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके अचानक मंदावणे, यांतही वेळेचे गणित असेच असते. डेबोरा मेन आणि सेरीन थॅडियस यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या 'तीन विलंबां'च्या सिद्धांतानुसार माता दगावते ती मुख्यतः निर्णय घेण्यातील, रुग्णालयात पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील उशिरामुळे. यांपैकी तिसरा विलंब टाळण्याची संधी कुटुंबाला रुग्णालय निवडताना मिळते.

म्हणूनच निवडीची खरी कसोटी दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागात लागत नाही, तर सुट्टीच्या दिवशी रात्री दोन वाजता त्या इमारतीत कोण हजर असते, यावर लागते. सरकारी परिभाषेत ज्या रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' म्हणतात, तेथे चोवीस तास सिझेरियनची सोय, आजारी नवजात बाळावर उपचार आणि रक्तसाठवणीची व्यवस्था या तीन गोष्टी असणे अपेक्षित आहे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित परिचारिका व वैद्यकीय अधिकारी सुरळीत बाळंतपण चांगल्या प्रकारे करू शकतात, मात्र तेथे शस्त्रक्रिया होत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असला तरी भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असेल तर त्या तज्ज्ञाचे हात बांधलेलेच राहतात. परिणामी कळा सुरू झालेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी 'पुढे पाठवण्याचा' प्रकार घडतो, आणि ग्रामीण कुटुंबांच्या सरकारी व्यवस्थेवरील अविश्वासाचे ते एक मोठे आणि रास्त कारण आहे.

लहान खासगी नर्सिंग होमची स्थिती याहून फार वेगळी असते असे नाही, फक्त ती डोळ्यांना तशी दिसत नाही. तेथे डॉक्टर ओळखीचा असतो, खोली स्वतंत्र असते, नातेवाइकांना थांबता येते. पण भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, रक्त गावातल्या किंवा तालुक्याच्या रक्तपेढीतून आणावे लागते आणि बाळाला श्वास घेण्यास त्रास झाला तर त्याला दुसऱ्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात, आईपासून दूर, हलवावे लागते. एकच डॉक्टर वर्षभर रात्रंदिवस जबाबदारी सांभाळत असेल तर त्याच्या थकव्याचाही विचार करावा लागतो. अशा ठिकाणी प्रकृती फारच बिघडली की रुग्णवाहिका बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जाऊन थांबते, म्हणजे ज्या सरकारी रुग्णालयाला कुटुंबाने सुरुवातीला नाकारलेले असते तेथेच ते सर्वांत वाईट घडीला आणि कोणतीही पूर्वनोंदणी नसताना पोहोचते. गर्दी, गोंगाट आणि अपुऱ्या खाटा हे सारे दोष मान्य करूनही मोठ्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी चोवीस तास एकाच आवारात असतात आणि गुंतागुंतीच्या बाळंतपणांचा त्यांचा सराव मोठा असतो, ही गोष्ट जाहिरातीअभावी दुर्लक्षित राहते. गर्भाशयाचे मुख सैल असल्यामुळे वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी जगभर वापरला जाणारा 'शिरोडकर टाका' मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी रूढ केला, तर आईचे दूध मिळू न शकणाऱ्या बाळांसाठी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबई महापालिकेच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

मग परवडत नसतानाही कर्ज काढून कुटुंबे खासगीकडे का वळतात, याचे उत्तर वैद्यकीय कौशल्यात नसून वागणुकीत आहे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिचा अपमान करणे, आडोसा न करता तपासणे, एका खाटेवर दोघींना झोपवणे, जवळचे माणूस आत येऊ न देणे आणि मुलगा झाला की 'खुशाली'चे पैसे मागणे, या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की अनेकींनी त्या बाळंतपणाचाच एक भाग मानल्या आहेत. वस्तुतः हा शिष्टाचारापुरता प्रश्न नाही. सोबतीला विश्वासाचे माणूस असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि कळांचा काळ काहीसा कमी होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस आहे. केंद्र सरकारनेही सरकारी रुग्णालयांत प्रसूतीसमयी सोबतिणीला परवानगी देण्याची सूचना २०१६ मध्ये दिली, आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षाची स्वच्छता, उपचारांचा दर्जा व सन्मानपूर्वक वागणूक यांचे मूल्यमापन करून रुग्णालयांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था झाली. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या राष्ट्रीय संघटनेचा 'मान्यता' हा असाच गुणवत्ता कार्यक्रम आहे. आपल्या जवळचे रुग्णालय या दोहोंपैकी कशाखाली प्रमाणित आहे काय, हे विचारणे सोपे आहे, पण तसे विचारणारे मोजकेच. सरकारी प्रसूतिकक्षातील वागणूक सुधारली नाही तर फुकट औषधे आणि नव्या इमारती यांनी लोकांचा विश्वास परत येणार नाही, हे व्यवस्थेने एकदा नीट समजून घ्यायला हवे.

खासगी बाजूवरील सर्वांत गंभीर आक्षेप सिझेरियनविषयी, म्हणजे पोट व गर्भाशय उघडून केल्या जाणाऱ्या प्रसूतीविषयी आहे. पाचव्या सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण २५.४ टक्के, गोव्याचे ३९.५ टक्के आणि तेलंगणाचे तर ६०.७ टक्के होते. ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे १९८५ मध्ये झालेल्या बैठकीनंतर १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले जाऊ लागले, आणि २०१५ च्या निवेदनात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की संपूर्ण लोकसंख्येचा विचार करता हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही. आडवे मूल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे किंवा बाळाचा जीव गुदमरणे अशा वेळी सिझेरियन जीव वाचवते, याविषयी दुमत नाही. परंतु सरकारी मोठ्या रुग्णालयांकडे गुंतागुंतीच्या स्त्रिया अधिक पाठवल्या जात असूनही तेथील प्रमाण कमी आणि खासगीत तिपटीहून अधिक असेल, तर त्याचे स्पष्टीकरण केवळ वैद्यकीय गरजेने देता येत नाही.

तथापि हा सगळा फरक डॉक्टरांच्या पैशाच्या हव्यासाने पडतो, असे म्हणणे सोपे असले तरी अर्धवट आहे. कळा दहा-बारा तास चालू शकतात आणि एकट्या डॉक्टरला तेवढा वेळ रुग्णालयात थांबून दुसऱ्या दिवशीची कामे पार पाडता येत नाहीत, तर ठरवून केलेली शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि भूलतज्ज्ञही वेळेवर मिळतो. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिल्यापासून 'वाट का पाहिली' या प्रश्नाची भीती डॉक्टरांच्या मनात आहे, 'शस्त्रक्रिया का केली' असे मात्र त्यांना सहसा कोणी विचारत नाही. कळांची धास्ती घेतलेल्या मुली स्वतःच सिझर मागतात, कारण कळांची वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि काही घरांतून पंचांग पाहून मुहूर्तही कळवला जातो. याचे परिणाम पुढच्या बाळंतपणात दिसतात : गर्भाशयावरील जुन्या व्रणात वार रुतून बसण्याचा धोका प्रत्येक सिझेरियनगणिक वाढतो आणि अशा वेळी होणारा रक्तस्राव आटोक्यात आणणे अनुभवी शल्यविशारदालाही अवघड जाते. याउलट सरकारी संस्थांचे कमी प्रमाण सर्वत्र गुणवत्तेचेच लक्षण आहे असेही समजू नये, कारण भूलतज्ज्ञ नसल्यामुळे न झालेली किंवा उशिरा झालेली आवश्यक शस्त्रक्रियाही त्याच आकड्यात दडलेली असते. निव्वळ आकड्यापेक्षा पहिलटकरणींपैकी, विशेषतः ज्यांचे बाळ डोक्याकडून खाली आलेले आणि दिवस पूर्ण भरलेले आहेत त्यांच्यापैकी, किती जणींचे सिझर होते, हा प्रश्न अधिक बोलका आहे. रॉब्सन वर्गीकरण या नावाने ओळखली जाणारी पद्धत स्त्रियांचे असे दहा गट पाडूनच रुग्णालयांची तुलना करते.

खर्चाचे चित्र त्यामानाने सरळ आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील फेरीनुसार खासगी रुग्णालयातील एका बाळंतपणाचा सरासरी खर्च ग्रामीण भागात सुमारे २० हजार आणि शहरी भागात सुमारे २९ हजार रुपये होता, तर सरकारी रुग्णालयात तो दोन ते तीन हजारांच्या आसपास होता. महानगरांतील मोठ्या रुग्णालयांची आजची देयके या सरासरीच्या कितीतरी पुढे गेली आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून रुग्णालयात व परत घरी जाण्याचे वाहन आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावरील उपचार हे सारे मोफत आहे, आणि महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क केले आहेत. खासगीत मात्र 'पॅकेज' म्हणून सांगितलेल्या रकमेत काय धरलेले नाही, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण कुटुंबाचे कंबरडे मोडते ते बहुधा आईच्या देयकाने नव्हे तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर होणाऱ्या अनपेक्षित खर्चाने. वैयक्तिक आरोग्य विम्यात बाळंतपणाला बहुतेकदा काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे, तसेच २०२१ मधील सुधारित नियमांनुसार नर्सिंग होमने दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी.

मराठी घरांत या निवडीला आणखी एक पदर आहे आणि त्याची चर्चा आरोग्य पुस्तिकांत सहसा नसते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे, त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात सात महिने एका डॉक्टरकडे तपासण्या करून घेतलेली मुलगी ऐन शेवटच्या टप्प्यात तालुक्याच्या गावी जाते आणि तेथील डॉक्टर तिला प्रथमच पाहत असतो. आईजवळ मिळणारी विश्रांती, आयते जेवण आणि पहिल्या महिन्यातील अंगमालिश यांचे मोल कमी नाही. पण महानगरातून लहान गावाकडे जाताना रक्तपेढी व नवजात अतिदक्षता विभाग मागे राहतात, हेही तितकेच खरे. जिच्या गर्भारपणात कोणतीही जोखीम नाही तिने माहेरी जाण्यात गैर काही नाही, मात्र जाण्याआधी तेथील रुग्णालयात नोंदणी करावी, सर्व सोनोग्राफी अहवाल, रक्तगट व माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि प्रवास अगदी शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये. जोखीम असल्यास मुलीने माहेरी जाण्याऐवजी माहेरच्या माणसांनी तिच्याकडे येणे अधिक शहाणपणाचे.

जोखीम कोणाला आहे, हे ठरवणे फारसे गूढ नाही. आधी सिझेरियन झालेले असणे, जुळी, पायाळू किंवा आडवे मूल, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वार खाली असणे, आधीच्या खेपेस अतिरक्तस्राव झालेला असणे आणि तीव्र रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असणे, यांपैकी काहीही असेल तर बाळंतपण चोवीस तास शस्त्रक्रिया, रक्त व नवजात अतिदक्षता यांची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावे, मग ते जिल्हा रुग्णालय असो, वैद्यकीय महाविद्यालय असो की मोठे खासगी रुग्णालय. अशा स्त्रीसाठी घराजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि नावाजलेले छोटे नर्सिंग होम ही दोन्ही ठिकाणे सारखीच अयोग्य आहेत. भारतातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आहेत, म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी कोणीही क्षुल्लक मानू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी संस्थांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते आणि खासगीत नाव नोंदवलेल्या स्त्रीलाही तेथे जाण्यास कोणतीच आडकाठी नाही. जोखीम नसलेल्या स्त्रीने, चांगल्या चाललेल्या आणि सिझेरियनची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपण करण्यात वैद्यकीयदृष्ट्या कोणतीही कमतरता नाही. स्वतंत्र खोली, ओळखीचा डॉक्टर आणि सोबतीची मोकळीक यांसाठी ती खासगीत जाणार असेल तर तेही योग्यच, पण आपण पैसे मुख्यतः सोयीसाठी मोजत आहोत, सुरक्षिततेसाठी नव्हे, हे कुटुंबाला माहीत असावे.

निर्णय सातव्या महिन्याच्या आत व्हावा आणि त्याआधी घरातील कोणीतरी त्या रुग्णालयात जाऊन रात्री भूलतज्ज्ञ आवारात असतो की फोनवर, रक्त कुठून व किती वेळात येते, बाळ आजारी पडल्यास कुठे हलवतात, सोबतीला कोणाला थांबता येते आणि गेल्या वर्षी पहिलटकरणींपैकी किती जणींचे सिझर झाले, एवढे विचारून घ्यावे. उत्तर देताना चिडणारे रुग्णालय टाळलेले बरे. ज्या कुटुंबाने खासगीची निवड केली आहे त्यानेही जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एकदा तपासणी करून केसपेपर काढून ठेवावा, आणि रुग्णवाहिकेचे १०२ व १०८ हे दोन्ही मोफत क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.